डाव्या हातानं

"एस्तेर, प्रार्थना," डॉक्टर अमोलिक म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

आमच्या मिशन हॉस्पिटलात प्रार्थना झाल्याशिवाय सुरी उचलत नसत. पेशंटला टेबलावर घेतलं, कमरेत भुलीचं इंजेक्शन दिलं, आम्हा सगळ्यांचे हात धुऊन गाऊन-ग्लोव्हज चढवून झाले, की डॉक्टर कुणा एकाचं नाव घ्यायचे. गेलं वर्षभर ते नाव बहुतेक वेळा माझंच असायचं. माझी प्रार्थना फार सुंदर होते असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे, मनातल्या मनात.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. प्रार्थनेची वाक्यं मी जमवून ठेवायचे. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेबांच्या तोंडून एखादं छान वाक्य निघालं की घरी येऊन वहीत उतरवायचे आणि आठवड्याभरात कुठेतरी वापरून टाकायचे. सतराव्या वर्षी तरुणांच्या शिबिरात मी समर्पण केलं होतं. "ज्यांना आपलं सर्वस्व प्रभूला द्यायचं आहे त्यांनी उभं राहावं," असं वक्त्यांनी म्हटलं की मी पहिल्या रांगेत उभी. मग दर मे महिन्यात शिबिर व्हायचं आणि दर मे महिन्यात मी उभी राहायचे. नऊ वर्षांत नऊ वेळा सर्वस्व देऊन झालं होतं. दर वेळी द्यायला पुन्हा सगळं जसंच्या तसं शिल्लक कसं राहतं, हा प्रश्न मला कधी पडला नाही.

त्या सोमवारी थिएटरच्या कोपऱ्यात मार्था त्रिभुवन उभ्या होत्या. थिएटरच्या इन्चार्ज सिस्टर. एकतीस वर्षं त्यांनी ते थिएटर सांभाळलं होतं आणि ईस्टरनंतर त्या निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी कोण, मी की लेविना कदम, हे त्या आठवड्यात डॉक्टरांना त्याच सांगणार होत्या. मला ती जागा हवी होती. किती हवी होती म्हणाल, तर इन्चार्जची निळ्या पट्टीची टोपी आपल्याला कशी दिसेल हेही मी एका दुपारी मार्था सिस्टरांची टोपी खुंटीवर सापडली तेव्हा आरशात पाहून घेतलं होतं.

टेबलावर सगुणाबाई होत्या. पस्तिशीच्या, कुंभाराच्या घरातल्या, पंचवीस मैलांवरच्या एका खेड्यातून आलेल्या. तीन वर्षं त्यांच्या पोटात गोळा वाढत होता. पहिल्या वर्षी सासूनं दिवस गेलेत म्हणून कौतुक केलं, दुसऱ्या वर्षी बाहेरचं काही लागलं म्हणून उतारे टाकले, आणि तिसऱ्या वर्षी नवऱ्यानं कुणाचं काही न ऐकता त्यांना एस.टी.त बसवून आमच्याकडे आणलं. आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या खाटेशी बसून सगळं समजावून दिलं होतं. कमरेत सुई टोचतील, पाय जड होतील, पण तुम्ही जाग्या असाल, बोलू शकाल, दुखणार मात्र नाही. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "तुमी असताल ना तिथं?" मी म्हटलं, असेन की.

तर मी प्रार्थना सुरू केली. देव कुंभार आणि माणूस माती, हा दाखला मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवला होता, पेशंट कुंभारीण आहे म्हणून. तो जमला. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, सगळं जमत गेलं. कोपऱ्यातून मार्था सिस्टर ऐकताहेत हे मला डोळे मिटूनही दिसत होतं.

आमच्यात बाई प्रार्थनेला उभी राहिली की आधी डोक्यावर पदर घेते. माझी आई चुलीपुढे बसून जेवणाचे आभार मानायची तेव्हाही तिचा हात आधी पदराकडे जायचा. मी फ्रॉकच्या वयाची होते तेव्हा पदर नाही म्हणून ती माझ्या डोक्यावर रुमाल टाकायची. थिएटरमध्ये पदर कुठला? डोक्याला टोपी, तोंडाला मास्क, अंगावर गाऊन. म्हणून तिथे प्रार्थनेच्या वेळी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवून छातीशी घट्ट धरून ठेवायची, असं मार्था सिस्टरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. चार वर्षांत माझ्याकडून कधी चूक झाली नव्हती. त्या दिवशी मी स्वतःचाच आवाज ऐकण्यात इतकी रंगले की बोटं कधी सुटली तेच कळलं नाही. "तुझ्या चरणी" म्हणताना उजवा हात वर गेला आणि नसलेला पदर पुढे ओढायला टोपीला जाऊन लागला.

बोटांना कापड लागलं तशी मी डोळे उघडले. डॉक्टर, त्यांच्या समोर उभे असलेले मदतनीस डॉक्टर थोरात, कोपऱ्यातल्या मार्था सिस्टर, तिघांचेही डोळे मिटलेले. मी हात खाली घेतला, राहिलेली दोन वाक्यं म्हटली आणि सगळे मिळून आमेन म्हणालो.

आता हे काय एवढं, असं कुणाला वाटेल. टोपी धुतलेली होती, इस्त्री केलेली होती. पण ती वाफेनं निर्जंतुक करायच्या ड्रममधून निघालेली नव्हती. तिला लागलेला हात पोटाच्या आत जाणाऱ्या हत्यारांना लावायचा नाही, हे पहिल्या वर्षाची पोरसुद्धा सांगेल. नुसती शंका आली तरी ग्लोव्ह बदला, हे तर मार्था सिस्टरांचं रोजचं सांगणं. करायचं काय होतं? "सिस्टर, माझा हात लागला, ग्लोव्ह द्या," एवढं म्हणायचं. दोन मिनिटांचं काम.

पण ते म्हणायचं म्हणजे कसा लागला, हेही सांगायचं. प्रार्थना करताना लागला. ज्या प्रार्थनेसाठी माझं नाव होतं त्याच प्रार्थनेत, आणि तेही मार्था सिस्टर समोर असताना, याच आठवड्यात. मग मनानं भराभर एकेक कारण पुढे करायला सुरुवात केली. नुसती दोन बोटं लागली. तीही टोपीच्या काठाला. आणि आत्ताच तर एवढी कळकळीची प्रार्थना झाली, देव सांभाळून घेईल. हे शेवटचं कारण मला त्या वेळी खरोखर भक्तीचं वाटलं, हे आज सांगायला लाज वाटते.

तरी तो हात हत्यारांना लावायचं धाडस मला झालं नाही. मग मी एक मधला मार्ग काढला. उजवा हात पोटाशी गाऊनवर दाबून धरला आणि सगळं डाव्या हातानं द्यायला लागले. डाव्या हातानं चादरी दिल्या, डाव्या हातानं सुरी दिली. डॉक्टर अमोलिक न बघता हात पुढे करायचे आणि त्यांच्या तळव्यावर हत्यार योग्य बाजूनं पडायचं, ही माझी ख्याती. त्या दिवशी सुरी आडवी पडली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"डावरी कधीपासून झालीस?" ते म्हणाले.

मी मास्कच्या आत हसल्यासारखं केलं. काम पुढे गेलं. मी डावा हात नेटानं चालवत होते आणि मनाशी म्हणत होते की जमतंय, कुणाचंच काही बिघडत नाहीये, पेशंटचंही नाही आणि माझंही नाही. तेवढ्यात रक्तवाहिनी धरायचा चिमटा, आम्ही त्याला आर्टरी म्हणतो, माझ्या डाव्या बोटांतून निसटला. तो खाली पडायच्या आत उजव्या हातानं आपसूक झेलला. झेलला आणि त्याच झोकात डॉक्टरांच्या हातात दिला. त्यांनी तो कातडीखालच्या चरबीत, जिथून रक्त येत होतं तिथे लावला.

तो चिमटा माझ्यासमोर त्या बाईच्या अंगात लागलेला होता. तरीही मी बोलले नाही. हीच गोष्ट मला पुढे कितीतरी वर्षं कळत नव्हती, की त्या वेळीही मी कशी बोलले नाही. आता काही मला त्याचं नवल वाटत नाही. पहिल्यांदा गप्प बसलं की दुसऱ्यांदा गप्प बसायला काही वेगळं करावं लागत नाही.

डॉक्टर खाली खाली जात होते. शेवटचा पातळ पडदा तेवढा राहिला. तो कापला की पोट उघडणार. त्यांनी हात पुढे केला. "मोठा मॉप. गरम सलाईनमध्ये भिजवून, घट्ट पिळून दे."

मॉप म्हणजे जाड कापडाची हातभर घडी. मी ती डाव्या हातानं कढत सलाईनच्या भांड्यात बुडवली, वर काढली आणि मुठीत दाबली. पाणी थोडं गळलं. पुन्हा दाबली. ओलं फडकं एका हातानं पिळून बघा कुणीतरी. मी ते भांड्याच्या कडेला दाबलं, मनगटावर वळवलं, आणि तरी ते ठिबकतच राहिलं.

"पिळून, एस्तेर," डॉक्टर म्हणाले.

मी तशीच उभी. उजवा हात पोटाशी, डाव्या हातात ठिबकणारं फडकं. इतक्यात चादरीच्या आडोशापलीकडून सगुणाबाईंचा आवाज आला. त्यांना आमचं काही दिसत नव्हतं, नुसतं ऐकू येत होतं. कुणी बोलत नाही म्हणून त्या घाबरल्या असाव्यात.

"बाई, तुमी हायेत ना?"

"आहे," मी म्हटलं, आणि त्या एका शब्दासरशी माझा धीर सुटला की आला, काय झालं ते मला सांगता येत नाही. "डॉक्टर, थांबा. माझा उजवा हात टोपीला लागलाय. आणि त्या हातानं मी तुम्हाला आर्टरी दिलीय. ती, कडेची."

डॉक्टर अमोलिक तापट माणूस. हत्यार आपटायचे, ओरडायचे, आम्हाला त्याची सवय होती. त्या दिवशी त्यांनी आवाजही चढवला नाही. हात होते तिथेच थांबवले.

"कधी लागला?"

"प्रार्थनेच्या वेळी."

कोपऱ्यातून मार्था सिस्टर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाल्या, "बारा मिनिटं झाली."

डॉक्टरांनी तो चिमटा काढून बाहेर टाकला, जखमेवर स्वच्छ टॉवेल पसरला आणि सगळं बदला म्हणाले. हत्यारं, चादरी, ग्लोव्हज, सगळं. अडीअडचणीसाठी ठेवलेला दुसरा ड्रम उघडायचा होता आणि माझ्या जागी मार्था सिस्टर उभ्या राहणार होत्या. पलीकडच्या खोलीत त्या हात धुवायला लागल्या. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे धरलेले, आणि आत पेशंट उघड्या जखमेनिशी पडलेला. तरी त्यांनी हात धुवायच्या ठरलेल्या पाच मिनिटांतलं अर्धं मिनिटही कमी केलं नाही. मी गाऊन सोडून भिंतीला लागून उभी होते. मला वाटलं आता मला बाहेर जायला सांगतील, आणि मला तेच हवं होतं. मार्था सिस्टर हात वर धरून आत आल्या, माझ्याजवळून जाताना थांबल्या.

"बाहेर नाही जायचं," त्या म्हणाल्या. "तिच्या डोक्याशी बस. तिचा हात धर."

मी स्टूल घेऊन बसले. सगुणाबाईंनी माझा हात असा काही घट्ट धरला की माझ्या बोटांना कळ लागली. काय झालं बाई, म्हणून त्यांनी विचारलं. काही नाही, थोडी हत्यारं बदलताहेत, मी म्हटलं. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मग काम पुन्हा सुरू झालं. थोड्या वेळानं सगुणाबाई बोलायला लागल्या. भीती वाटते तेव्हा काही माणसांना बोलावंसं वाटतं, तशातल्या त्या.

"मघा तुमी देवाचं म्हनत व्हत्या ना," त्या म्हणाल्या, "समदे डोळं मिटून हुबे. मी काय डोळं मिटलं न्हाई, मला भ्या वाटत व्हतं, आन ही चादर बी अजून आडवी नव्हती. तवा तुमी डोईवर पदर घेतला. पदर नव्हता तरीबी हात नेला. मी बघितलं. म्हनलं, ही बाई माझ्यासाठी देवापुढं पदर घेतीया. मंग माझं भ्या गेलं."

कुणी पाहिलं नाही, कुणी पाहिलं नाही, म्हणून बारा मिनिटं मी जिच्या जिवावर गप्प बसले होते, ती एकटीच डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होती. मी मान खाली घातली. त्यांचा हात सोडावा असं फार वाटलं, पण त्या सोडत नव्हत्या.

गोळा निघाला. नारळाएवढा होता, आणि साधा, कॅन्सरचा नव्हता. भुलीचा अंमल संपता संपता शेवटचे टाके पडले, तेव्हा सगुणाबाई कण्हत होत्या. नवऱ्याला बाहेर जाऊन डॉक्टरांनी सांगितलं, बाई वाचली. तो माझ्याही पाया पडायला आला. मी मागे सरले.

दुसऱ्या दिवशी मला थिएटरमधून काढून बायकांच्या वॉर्डात घातलं. कुणी काही बोललं नाही, ड्यूटीच्या तक्त्यावर नाव तेवढं बदललं. सगुणाबाई आता माझ्याच वॉर्डात होत्या. मी त्यांचा ताप बघायचे तेव्हा थर्मामीटर उजेडाला धरून दोनदा वाचायचे. पहिला दिवस ठीक गेला, दुसरा, तिसरा ठीक. चौथ्या दिवशी सकाळी एकशे एक ताप भरला. पट्टी सोडली तर जखमेचा खालचा कोपरा लाल, फुगलेला. डॉक्टरांनी दोन टाके सोडले आणि पू बाहेर आला. पोटाच्या आत काही नव्हतं, वर चरबीतच होतं. तिथेच तो चिमटा लागला होता. तसं म्हटलं तर कुठल्याही जखमेत पू होतो, उन्हाळ्याचे दिवस, आमच्याकडे दहातल्या एकाला व्हायचाच. तो माझ्या हातामुळे झाला की नाही, हे मला आजतागायत माहीत नाही. डॉक्टर मला एका शब्दानं बोलले नाहीत. रोज दोनदा जखम धुऊन पट्टी करायची, एवढं सांगून ते गेले. ते काम माझं होतं.

शनिवारी दुपारी मार्था सिस्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. टेबलावर चहाचे दोन कप होते. बस म्हणाल्या, चहा पुढे सरकवला आणि सरळ सांगितलं की इन्चार्ज म्हणून लेविनाचं नाव दिलंय. मला ते ठाऊकच होतं. मी म्हटलं, माझी चूक झाली सिस्टर, मला मान्य आहे.

"हात लागला त्याचं मी काही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "माझाही लागलाय. दोनदा. माणसाचा हात आहे, लागतो." मग बशीत चहा ओतता ओतता थांबल्या. "पण बारा मिनिटं तू कुणाची होतीस, ते मला सांग."

मी उत्तर खूप शोधलं. वहीत उतरवलेल्या वाक्यांपैकी एखादं तरी तिथे चालेल का, हेही बघितलं, इतकी मी कोडगी. पण ती वाक्यं आणि नऊ वेळा शिबिरात उभं राहणं, सगळं त्या बारा मिनिटांच्या बाहेर उभं होतं. आत मी एकटी होते आणि एक टोपी.

मी रडायला लागले. मार्था सिस्टरांनी रडू दिलं. मग विचारलं, "तिला सांगितलंस?"

"कुणाला?"

"सगुणाबाईला."

मी म्हटलं, तिला काय कळणार त्यातलं. ती अडाणी बाई, तिला ड्रम काय आणि ग्लोव्ह काय. उगाच घाबरेल. आणि खरं सांगायचं तर ती एकटीच अशी होती की जिला मी अजून चांगली वाटत होते. हे शेवटचं मी मार्था सिस्टरांना बोलून दाखवलं नाही.

"तिला नाही कळणार," त्या म्हणाल्या. "पट्टी सोडताना कळ तिलाच येते ना पण?" एवढं बोलून त्यांनी चहा संपवला आणि कप उचलले.

रविवारी सकाळी देवळाची पहिली घंटा झाली तेव्हा मी वॉर्डात होते. सगळ्या नर्सेस पांढऱ्या साड्या नेसून उपासनेला निघाल्या. मी सगुणाबाईंची पट्टी केली, सगळं आवरलं आणि त्यांच्या खाटेशी स्टूल ओढलं. त्या बिचाऱ्या आपल्या घरच्या गोष्टी सांगायला लागल्या. मी त्यांना थांबवलं आणि सांगितलं. अगदी साध्या शब्दांत, कारण तिथे दुसरे शब्द चालणारच नव्हते. तो पदर तुमच्यासाठी घेतलेला नव्हता, ती माझी चूक होती. प्रार्थना चांगली व्हावी, मोठ्या सिस्टरांनी ऐकावी, याच नादात हात वर गेला. हात विटाळला म्हणा, तुमच्या भाषेत. मग मी ते लपवलं. त्या हातानं एक हत्यार तुमच्या पोटाला लागलं. त्यामुळेच पू झाला असेल. नक्की माहीत नाही, पण झाला असेल.

सगुणाबाईंनी नजर छताकडे वळवली.

"माझी बारकी सासूपाशी हाय," त्या म्हणाल्या. "आठ दिसात येते म्हनून सांगून आले मी तिला. काल तुमी पू दाबून काढत व्हत्या, माझा जीव चालला व्हता. तवाबी तुमाला ठावं व्हतं?"

"होतं."

"आन तुमी म्हनत व्हत्या, जरा सोसा, सगुणाबाई."

"हो."

"मला वाटलं, माझ्यासाठी घेतला पदर," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून वळल्या. जखम ओढली असणार, त्या कण्हल्या, पण पुन्हा काही माझ्याकडे वळल्या नाहीत. मी स्टूल उचलून ठेवलं. देवळातून गाण्याचा आवाज येत होता. सांगून टाकलं की मन हलकं होतं असं मी कितीतरी प्रार्थनासभांत साक्ष देताना म्हटलं होतं. माझं मुळीच हलकं झालं नाही. मला फक्त त्यांच्या पाठीचा आडवा उंचवटा दिसत होता.

दुपारभर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पाणी दिलं तर घेतलं, गोळी दिली तर घेतली. मी वॉर्डातल्या सुमन आढावला विनंती केली की संध्याकाळची पट्टी तू कर. तिनं कारण विचारलं, तेही मी सांगितलं. तोवर मला सांगायची थोडी सवय झाली होती. सहा वाजता मी ट्रे लावून खाटेशी ठेवला आणि सगुणाबाईंना म्हटलं, आज सुमनबाई करतील.

त्यांनी मान वळवून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. डोळे सुजलेले होते.

"हात चांगलाय त्यांचा?"

"माझ्यापेक्षा हलका आहे."

त्यांनी ट्रेकडे पाहिलं, पलीकडे उभ्या असलेल्या सुमनकडे पाहिलं. "त्यांच्याकडनं कायी चुकलं तर त्या मला सांगतील?"

सुमन चांगली मुलगी होती. सांगितलंही असतं तिनं. पण दुसऱ्याच्या वतीनं हो म्हणायला माझी जीभ रेटेना. एका आठवड्यापूर्वी मी स्वतःच्या वतीनं चटकन हो म्हटलं असतं. मी म्हटलं, ते मला नाही सांगता येणार.

सगुणाबाईंनी डोळे मिटले.

"मंग तुमीच करा," त्या म्हणाल्या. "माझा राग हाय तुमच्यावर. तो काय आज जायचा न्हाई. पर तुमीच करा. चुकलं तर तुमी सांगाल."

मी हात धुवायला गेले. नळाशी घड्याळ लावून पाच मिनिटं उभी राहिले. त्या पाच मिनिटांत मी देवाशी एक शब्द बोलले नाही. बोटं, नखं, मनगटं, कोपर, एवढंच करत होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात वापरता येत नव्हता म्हणून ते तसंच गळू देत होते. पण त्या नळाशी मी जितकी देवाची होते तितकी त्या दिवसापर्यंत कधीच नव्हते, हे मला आज चाळीस वर्षांनीही छातीवर हात ठेवून सांगता येतं.

हात वर धरून मी वॉर्डात परत आले. सुमननं ट्रेवरचं फडकं काढलं. मी दोन्ही हातांनी पट्टी सोडायला घेतली. सगुणाबाई उशीवर मान उचलून माझ्या बोटांकडे टक लावून बघत होत्या. पूर्वी पेशंट असे बघायला लागले की मी म्हणायचे, डोळे मिटून घ्या, म्हणजे भीती वाटणार नाही.

"बघत राहा," मी त्यांना म्हटलं.